बाटली थंड असताना

१२ जून

प्रिय वन्सं,

फोन केला की तू म्हणतेस, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. तुझं ते नंतर काही उगवत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय मी फोन कानाला लावला की पार्लरमधल्या सगळ्या खुर्च्या कान टवकारतात, आणि मला जे विचारायचं आहे ते गिऱ्हाइकांसमोर विचारण्यासारखं नाही.

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे. शाळेत होतीस तेव्हा वेणी घालताना मुद्दाम म्हणायचे, तू डोकं हिसडायचीस आणि भांग वाकडा व्हायचा. आता प्रसाधनं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत मोठी अधिकारी झालीस, तरी मी म्हणणारच. माझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत बसून तू रसायनशास्त्र पाठ केलंस, एवढा हक्क मला पुरतो.

तर मुद्द्याचं. केस सरळ करायचं एक नवीन केराटिन आलं आहे. कंपनीचा माणूस स्वतः येऊन शिकवून गेला. केसांना लावायचं, वाळवायचं, आणि मग कडक तापलेल्या स्ट्रेटनरने एकेक बट ओढायची. केस असे पडतात की बायका आरशासमोरून उठायचं नाव घेत नाहीत. बाटलीवर ठळक छापलं आहे ‘फॉर्मलिनमुक्त’, आणि खाली तुमच्या खात्याचा परवाना. पण स्ट्रेटनर टेकला की जो धूर उठतो, त्याने डोळ्यांना धारा लागतात. गिऱ्हाईक रडतं, आम्हीही रडतो. ठमी म्हणते, पूर्वी बायका बिल बघून रडायच्या, आता आधीच उरकून घेतात.

ठमी तुला आठवतेच. पार्लर काढलं त्या दिवसापासून आम्ही दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांमागे उभ्या आहोत. तुझा दादा म्हणतो, तुझं खरं लग्न ठमीशीच झालंय. तर ठमीचं म्हणणं असं की हा धूर बरा नाही. कॉलेजात बेडूक ठेवलेल्या बरण्यांना असाच वास यायचा म्हणे. ठमी कॉलेजात किती गेली हे मला चांगलं माहीत असल्यामुळे मी ते कानाआड केलं असतं. पण आता आमची चिंगीही आमच्यात आहे. परीक्षा संपल्यापासून रोज येते. पोरीचा हात इतका हलका आहे की स्ट्रेटनरला बायका तिलाच मागतात. तेव्हा आई म्हणून मला विचारायला हवं.

अर्धी बाटली सोबत पाठवते आहे. तुझ्या यंत्रात घालून बघ आणि मला हो किंवा नाही सांग. तू हो म्हणालीस की माझ्यापुरता विषय मिटला.

तुझी वहिनी


२५ जून

प्रिय वहिनी,

बाटली मिळाली. झाकणाला चिकटपट्टी, वर पिशवी, तिच्यावर पुन्हा पिशवी आणि वर दादाचा जुना मोजा. आमचा शिपाई म्हणाला, मॅडम, यात नक्की काय आहे? मी म्हटलं, माझं माहेर आहे.

तपासली. फॉर्मलिनचं प्रमाण मर्यादेच्या आत आहे. नियमाला धरून माल आहे. डोळे चुरचुरतात त्यासाठी हवा खेळती ठेव, खिडकी उघडी ठेव. ठमीताईंना सांग, बेडकांच्या बरण्या आता विसरा.

आता माझं एक ऐक. चिंगीला माझ्याकडे पाठव. इथे प्रयोगशाळेच्या कामाचा चांगला अभ्यासक्रम आहे, प्रवेश बंद होत आलेत. या आठवड्यातच पाठव, पुढच्या नको. मी एकटी राहते, घर मोठं आहे, पोरीचं डोकं चालतं. नुसत्या कात्री-कंगव्यात ती अडकून पडली तर मला वाईट वाटेल. तू मला शिकवलंस, आता तुझ्या मुलीचं मला करू दे. नाही म्हणू नकोस. दादाशी फोनवर बोलले आहे, त्याची हरकत नाही.

तुझी,
वन्सं (झालं समाधान?)

ता. क. चिंगी स्ट्रेटनर स्वतः फिरवते का? कधीपासून? सहज विचारते आहे.


९ जुलै

प्रिय वन्सं,

चिंगी पोचल्याचा तिचा फोन आला. जाताना तोंड फुगवून बसली होती. तिला पार्लर सोडायचं नव्हतं, तिची म्हणून ठरलेली गिऱ्हाइकं झाली होती ना. मी म्हटलं, आत्याने स्वतःहून बोलावलंय, असं नशीब सगळ्यांचं नसतं. गाडी सुटली तसं तुझ्या दादाने चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. मला मात्र रडायलाही सवड नव्हती, परत येऊन दोन डोकी धुवायची होती. रात्री तिची उशी उचलून ठेवताना रडले. पण ते सुखाचं होतं असं म्हणूया. घरातली एक मुलगी शिकून मोठी झाली, आता दुसरीही होईल. तुझे उपकार मानत नाही, मानले तर तू चिडशील.

तू ता. क. मध्ये विचारलं होतंस त्याचं उत्तर: हो, स्ट्रेटनरचं जवळजवळ सगळं काम चिंगीच करायची, दोन महिने झाले असतील. आता ते ठमीच्या आणि माझ्या गळ्यात आलं. माझा खांदा दुखतो, त्यामुळे ठमीच्याच जास्त. ती कुरकुरत होती. म्हणाली, मी कापीन, रंगवीन, भुवया कोरीन, पण हा धूर मला नको, रात्री खोकला येतो. मग मी तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तुला माहीत आहे, तुझं प्रत्येक पत्र आम्ही दोघींनी मिळूनच वाचलेलं आहे, तू परीक्षेत पहिली आलीस तेव्हापासून. सरकारी प्रयोगशाळेची बाई सांगते आहे म्हटल्यावर ठमीने बाह्या सारल्या. म्हणाली, तुझ्या वन्संनी सांगितलं ना, मग आण तो स्ट्रेटनर.

नंतर मला सुचलं, ते पत्र आरशाशेजारी लावूनच टाकावं. दुसऱ्या परिच्छेदापुरतं दुमडून लावलं आहे, मोज्याचा भाग दिसत नाही. आता कोणी बाई डोळे पुसत शंका काढू लागली की आम्ही नुसतं बोट दाखवतो. कामं इतकी वाढली आहेत की ठमी म्हणते, तुझ्या नणंदेला तिसरी खुर्ची द्यायला हवी.

खिडकीचं मात्र जमत नाही. समोर रस्ता खणलाय, उघडली की धूळ ओल्या केसांवर बसते. तेवढं चालेल ना?

तुझी वहिनी


१४ जुलै

प्रिय वहिनी,

ते पत्र आधी काढ. आज, आत्ता. ते मी तुला घरचं म्हणून लिहिलं होतं, भिंतीवर लावायला नाही. मी सरकारी नोकर आहे, कोणा कंपनीच्या मालाला माझ्या अक्षरात प्रशस्तिपत्र दिल्यासारखं ते दिसतं. कोणी फोटो काढला तर मला उत्तरं देता देता नाकी नऊ येतील.

खिडकी बंद ठेवू नकोस. धूळ बसली तर बसू दे. एक पंखा घे, हवा बाहेर फेकणारा. आणि खरं सांगू का, ते केराटिन जरा कमीच कर. एवढं काय आहे त्यात? बायकांना दुसरं काही सुचव. तुझा खांदा दुखतो हे कारण पुरेसं आहे.

चिंगी रुळली. अभ्यासाला बसते, जेवणाला नावं ठेवते. खोकला पूर्ण गेला आहे.

तुझी,
वन्सं


२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

पत्र त्याच दिवशी काढलं. तुझा सूर वाचून जरा लागलं, पण नोकरीचं असतं तसं, म्हणून सोडून दिलं. पंखाही बसवला. तो हवा बाहेर फेकतो की बाहेरची आत ओढतो हे तुझ्या दादालाही नीट सांगता येत नाही. केराटिन कमी केलं नाही. तू मालात खोट नाही म्हणालीस, मग दारात आलेल्या बाईला मी कोणत्या तोंडाने परत पाठवू? आणि माझ्या खांद्याचं कारण ठमीच्या खांद्याला कसं चालेल?

आता ठमीच अंथरुणाला खिळली आहे. आधी नुसता खोकला होता. मग जिना चढताना मध्येच थांबायला लागली. गेल्या आठवड्यात एका बाईच्या केसांत स्ट्रेटनर असताना तिला श्वासच घेता येईना, खुर्चीचा हात धरून खाली बसली. गिऱ्हाइकाचे केस तसेच अर्धे सरळ, अर्धे कुरळे. त्या बाईनेच रिक्षा आणली. डॉक्टरांनी विचारलं, काम कशात करता? ठमीने सांगितलं तसं म्हणाले, ती बाटली घेऊन या. बाटली पाहिली, परवाना पाहिला, आणि म्हणाले की कागदावर तर सगळं ठीक दिसतंय, पण तुम्ही पुन्हा त्या खोलीत जाऊ नका.

आता मला सरळ सांग, आडवळणं नकोत. त्या धुरात काही आहे का?

आणि एक बारीकसं. चिंगीला खोकला होता हे तुला कोणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. मलाच ती जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं, मला वाटायचं गार पाणी पिते म्हणून.

वहिनी


११ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

ठमीताईंचं वाचून फार वाईट वाटलं. त्यांना सांग, औषधं सोडू नका.

तू सरळ विचारलंस म्हणून सांगते. नियम असा आहे की बाटलीतला माल आहे तसा, थंड असताना तपासायचा. तसा तो तपासला तर मर्यादेत येतो. मी तुला लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. तापवल्यावर काय होतं हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर वरच्या पातळीवर विचार चालू आहे. याहून जास्त सांगायची मला मुभा नाही, आणि तू विचारूही नकोस. ठमीताईंना दमा आधीपासून असू शकतो, चाळिशीनंतर पुष्कळ बायकांमध्ये तो डोकं वर काढतो. घरातल्या धुळीनेही होतं. सगळं एका बाटलीवर ढकलायची घाई करू नये.

चिंगीचा खोकला तिच्याच बोलण्यात आला असेल. आता मला काही आठवत नाही.

केराटिन मात्र बंद कर. खरंच बंद कर.

तुझी,
वन्सं


२० सप्टेंबर

आई,

फोनवर तू नुसतं हं हं करतेस म्हणून लिहिते आहे. ठमीमावशी कशी आहे? तिला माझ्याकडून सांग की तिच्याशिवाय माझ्या केसांना कोणी हात लावायचा नाही, त्यामुळे मी आता झाडूसारखी दिसते आहे.

एक महत्त्वाचं. मावशीला ती नळीत फुंकायची तपासणी करायला सांग. अजिबात दुखत नाही. नाक चिमट्याने बंद करतात, जीव खाऊन फुंकायचं, आणि समोर पडद्यावर रेघ उमटते. आत्याने माझी आल्याच दिवशी केली होती. मी बॅगसुद्धा उघडली नव्हती, स्टेशनवरून सरळ दवाखान्यात. मी म्हटलं, अगं आत्या, मला काय झालंय? तर म्हणाली, त्या धुरात होतीस ना, बघून घेऊया. थोडं कमी आलं होतं, पण महिन्याने पुन्हा केली तेव्हा ठीक झालं. रेघ बघून आत्या तिथेच बाकावर बसली आणि माझा हात सोडेना.

तेव्हा म्हणाली होती, आईला सांगू नकोस, उगाच काळजी करेल. पण आता मावशीच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते. तू आत्याला बोलू नकोस.

तुझी चिंगी


२९ सप्टेंबर

वन्सं,

चिंगीचं पत्र आलं ते मी नेहमीसारखं ठमीच्या उशाशी बसून मोठ्याने वाचलं. आधी चाळून पाहायची मला सवयच नाही, आपल्या घरच्या पत्रांत काय लपवण्यासारखं असणार? झाडूसारखी दिसते यावर ठमी हसली. पुढचं मी वाचत गेले आणि अर्थ माझ्या डोक्यात शिरायच्या आत तिच्या डोक्यात शिरला. ‘आल्याच दिवशी’ हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि तिचं हसणं थांबलं.

म्हणाली, “म्हणजे पोरीला काढलीस तेव्हा तुला माहीत होतं.”

मी म्हटलं, नाही गं, मला कुठलं माहीत, अभ्यासासाठी गेली ती. ती ऐकत होती. मग अगदी हळू, मध्ये मध्ये श्वास घेत बोलली. “आठवड्याच्या आत तुझी मुलगी त्या धुरातून गेली. तिचा स्ट्रेटनर माझ्या हातात आला. मी नको म्हणाले तर तू मला पत्र वाचून दाखवलंस. आणि मी समजू काय?”

 मला जे माहीत नव्हतं ते सोडलं, तर ती म्हणाली त्यातलं सगळं तसंच घडलं आहे.

तुला कळतंय का तू काय केलंस? तुला जूनमध्येच माहीत होतं. तू दादाची मुलगी अलगद काढून घेतलीस, तुझ्या रक्ताची तेवढी. उरलेल्या आम्ही दोघी. तू ज्या मागच्या खोलीत शिकलीस त्याच्या पुढच्या खोलीत आम्हाला ठेवलंस आणि हातात एक गोड कागद दिलास. मी त्या कागदावर माझ्या मैत्रिणीला उभी केली. आयुष्य केसांत गेलं माझं, पण केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते आत्ता समजलं. आणि वर तू लिहितेस, दमा आधीपासून असेल.

माझ्या तब्येतीचं मी तुला काही विचारत नाही. एकच मागणं आहे. ठमीला पत्र लिही. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, की तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. चार ओळी पुरेत. माझं ती आता ऐकत नाही. दार तिची बहीण उघडते आणि सांगते, झोपली आहे.

वहिनी


८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तू जे म्हणालीस ते सगळं मी कितीदा वाचलं. 

हो, मला माहीत होतं. तुझी बाटली यायच्या आधीपासून. मार्चमध्ये मीच तो माल बंद पेटीत स्ट्रेटनरइतका तापवून पाहिला होता. बाटली थंड असताना जे मर्यादेत आहे, ते तापल्यावर मर्यादेच्या कितीतरी पट वर जातं. अहवाल मीच लिहिला, समितीत मीच भांडले. कंपन्या वकील घेऊन बसल्या होत्या. शेवटी तोडगा निघाला की माल तापवून तपासायचा नियम येईल, पण तयार असलेला साठा संपवायला त्यांना वर्षभर मिळेल आणि तोवर अहवाल बाहेर येणार नाही. मी सही केली. केली नसती तर नियमच आला नसता, वहिनी. मला वाटलं, एक वर्ष, मग कायमचं सुटलं. ते वर्ष कोणाच्या खोलीत जाणार आहे हे मला तुझी बाटली उघडेपर्यंत दिसलं नव्हतं.

तेव्हा मी घाबरले. तुला खरं लिहिलं असतं तर तू ठमीताईंना वाचून दाखवलं असतंस, त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं असतं, आणि महिन्याभरात कंपनीला कळलं असतं की बातमी कुठून फुटली. चिंगीला बोलवायला कारण होतं. तुला बोलवायला माझ्याजवळ काही कारण नव्हतं. मी कमी कर म्हणाले, पंखा लाव म्हणाले, मला वाटलं तू समजून घेशील.

तू मागतेस ते पत्र मला लिहिता येणार नाही. नियम अजून जाहीर व्हायचा आहे. माझ्या सहीचा असा कागद बाहेर असला तर कंपन्या कोर्टात जाऊन म्हणतील की अधिकारीच फितूर होती, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा किती खोल्या आहेत, किती बायका आहेत, त्यांचा विचार कर. नियम आला की मी स्वतः येईन, ठमीताईंसमोर बसून तोंडाने सगळं सांगीन. तेवढं थांब.

चिंगीला यातलं काही सांगू नकोस. तिचा माझ्यावर फार जीव आहे.

तुझीच,
वन्सं


१५ ऑक्टोबर

ठमे,

दोन गल्ल्या ओलांडून राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली. तुझ्या बहिणीला सांगितलं आहे की वाचून दाखवू नको, तिला स्वतः वाचू दे.

नणंदेचं पत्र सोबत जोडलं आहे. तिने ते कोणाला दाखवायला मनाई केली आहे, आता माझ्याने तिची मनाई पाळवत नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव. डॉक्टरांना दाखव, वकिलाला दे, त्या पत्राने तिची नोकरी गेली तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन. तिला मी कळवलं आहे तसं. चिंगीला परत आणणार होते, पण तिला आणून ठेवू कुठे? घर पार्लरच्या वरच आहे, धुराचा वास अजून जिन्यापर्यंत येतो. म्हणून पोरगी तिच्याकडेच राहणार आहे आणि मला तिच्या आत्याशी गोड बोलावं लागणार आहे. याचा मला किती संताप येतो ते तुलाच कळेल.

केराटिनच्या सगळ्या बाटल्या उचलून बाहेर ठेवल्या. खोली बंद केली आहे.

त्या पत्रात तुला दिसेल की मला माहीत नव्हतं. मला फसवलं गं, माझ्याच माणसाने फसवलं. तू मला इतकी वर्षं ओळखतेस. माझी मुलगी काढून तुला धुरात ठेवीन अशी मी वाटते का तुला? एवढं एकच सांग, मग बोलू नकोस हवं तर.

तुझी


१७ ऑक्टोबर

पत्र मिळालं. दोन्ही वाचली. तुझ्या नणंदेचं डॉक्टरांना दिलं, ते म्हणतात उपयोगी पडेल.

तुला माहीत नव्हतं हे मी मानते. तुला फसवलं हेही मानते. रडले मी ते वाचून.

पण मी खोकत होते ते तुला माहीत होतं. त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती, मी तुझ्या शेजारी उभी होते. मी सांगत होते की मला त्रास होतो, आणि तू मला कागद वाचून दाखवलास. मग धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतलीस. तिने तुझ्याशी जे केलं ते मला कळतं. तू माझ्याशी जे केलंस त्याला मी काय म्हणू ते मला अजून सुचत नाही.

फार लिहिलं की धाप लागते. माझ्या कात्र्या खालच्या खणात आहेत, कोणाच्या तरी हाती पाठवून दे. तू येऊ नकोस.

ठमी